अनुमोदक सटवा

मेंढ्यांच्या सोसायटीचा चेअरमन व्हायचं तर माणसाच्या नावावर निदान दोन मेंढ्या असाव्या लागत. सुंदररावांनी त्या ठेवल्या होत्या. म्हणजे नाव सुंदररावांचं आणि मेंढ्या सटवाच्या कळपात. सहा वर्षांत त्या दोन मेंढ्या तीनदा मेल्या, तिन्ही वेळा सटवाने आपल्यातल्या दोन निवडून त्यांच्या नावावर धरल्या, आणि चेअरमनला त्याचा पत्ताही लागला नाही. त्यामुळे मंगळवारी सकाळी सुंदररावांची जीप धूळ उडवत वस्तीवर आली, तेव्हा सटवाला वाटलं, आज मेंढ्यांची चौकशी आहे.

"दोनी मेंढ्या झकास हाएत, चेअरमन साहेब," तो विचारायच्या आधीच म्हणाला.

"कोणत्या मेंढ्या?" सुंदरराव म्हणाले.

ते जीपमधून उतरलेच नाहीत. शनिवारी सोसायटीची वार्षिक सभा होती आणि बीडहून एक मोठे साहेब येणार होते. पावसाने तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. सरकार तालुक्यात चारा डेपो उघडत होतं, त्यातला एक सुंदररावांनी इकडे ओढून आणला होता. डेपोला जागा हवी. सोसायटीचं लोकरीचं गोदाम रिकामं पडलेलं.

"राधाकिशननी ठराव लिहून ठेवलाय," सुंदरराव म्हणाले. "गोदाम डेपोला द्यायचं, चावी माझ्याकडं राहील. सूचक मी, अनुमोदक तू."

"बरं," सटवा म्हणाला.

"तुझ्या बैलांचं नाव पहिल्या यादीत घालायला सांगितलंय. आन म्हाताऱ्याला म्हणावं ढोल घेऊन या. साहेबांवर एक फर्मास ओवी झाली पाहिजे."

"बरं," सटवा पुन्हा म्हणाला.

आयुष्यात त्याने हा शब्द जितका वापरला तितका दुसरा कुठला वापरला नसेल. सोसायटी निघाल्यापासून प्रत्येक ठरावाखाली सूचक म्हणून सुंदररावांचं नाव होतं आणि अनुमोदक म्हणून सटवाचं. चेअरमन म्हणणार, सटवा मान डोलावणार, सेक्रेटरी राधाकिशन लिहून घेणार. गावातली टवाळ पोरं म्हणत, सटवा सुंदररावांची री ओढतो. सटवाला त्यात अपमान वाटत नसे. री ओढणं हे त्याच्या घराण्याचं कसब होतं, आणि त्या कामात त्याच्या तोडीचा माणूस आष्टी तालुक्यात नव्हता.

ते असं. त्याचा बाप म्हाळू हा बिरोबाच्या ओव्या म्हणणारा नामांकित माणूस. ओवीत पुढचा एक ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी तिचं शेपूट उचलतात. नियम एकच, पुढच्याने टाकलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. कडव्याची शेवटची ओळ तर अख्खी तीनदा उचलायची. सटवा वयाच्या दहाव्या वर्षापासून बापाच्या मागे उभा होता. एक हात कानावर, डोळे मिटलेले, आणि डोक्यात काही नाही. डोक्यात काही आलं की झील मोडते. एकदा जत्रेत गाता गाता म्हाळूची नजर बाहेर गेली आणि तो त्याच सुरात बोलून गेला, "अरं म्हैस सुटली." सटवाने ती सुद्धा उचलली. सगळी जत्रा हसत होती आणि हा डोळे मिटून तिसऱ्यांदा म्हणत होता, म्हैस सुटलीऽऽ. वीस वर्षं झाली त्याला, पण लोक अजून विसरलेले नाहीत.

जीप गेली, आणि आता हे घरात कसं सांगावं, या विचाराने सटवा अंगणातच घुटमळला. कारण गोदाम रिकामं नव्हतं. त्यात रतन होती.

रतन म्हणजे सटवाच्या थोरल्या भावाची पोरगी. भाऊ-भावजय आपला कळप घेऊन भीमेकाठी गेलेली, आणि ही आष्टीच्या शाळेतून बारावी होऊन वस्तीवर परतलेली. येऊन काय करावं, तर तिने गोदामात पोरं जमवली. मेंढक्यांची पोरं, ती काय पाटीपुढे बसणार? पहिल्या आठवड्यात सगळी पळाली. मग तिच्या ध्यानात आलं की ही पोरं पाटीला बधत नाहीत, पण ओवीची ओळ टाकली की झोपेतसुद्धा उचलतात. सात पिढ्यांचं रक्त होतं ते. तिने पाढे ओवीत बसवले, मग बाराखडी, आणि मग एक दिवस खड्ड्याचं माप.

*लांबी धरा, रुंदी धरा, खोली धरा हातानं*
*खड्ड्याचं माप घ्यावं ज्यानं खणलं त्यानं*

ही ओवी पोरांच्या तोंडून आयांच्या तोंडी गेली. रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चाललं होतं, तिथल्या बायकांनी दोरीला गाठी मारल्या आणि आपापला खड्डा आपणच मोजला. मुकादमाचं माप आखूड निघालं, म्हणजे मजुरीही आखूड. चाळीस बायका खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून त्याला ओवी म्हणून दाखवायला लागल्यावर त्याने पुन्हा मोजलं. त्या दिवसापासून रतनचं नाव चार गावांत झालं.

आता तिच्या डोक्यात नवंच होतं. दसरा झाला की वस्तीवरच्या बैलगाड्या उसाला निघणार, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं गाडीत वर बांधलेल्या भांड्यांसोबत. सहा महिने फडात, की शाळा संपली. रतनचं म्हणणं, पोरांना आज्यांसोबत वस्तीवर ठेवा आणि रात्रंदिवस राहायला गोदाम द्या. एकतीस पोरांच्या आया कबूलही झाल्या होत्या.

साखराबाई, सटवाची बायको, चुलीपुढे भाकरी थापत होती. सटवाने तिच्याकडे पाठ करून सांगून टाकलं.

"मंग पोरं कुठं बसायची?" तिने विचारलं.

"आज घडीला चारा महत्त्वाचा हाय. जनावर जगलं तर माणूस जगंल."

"ह्ये वाक्य तुमचं न्हाई."

"कावून न्हाई?"

"लई लांब हाय."

रतन दारात उभी राहून ऐकत होती. तिने आवाज चढवला नाही. "नाना, त्या डेपोतनं मेंढरांला चारा मिळणार का?"

"न्हाई. फकस्त गुरांला."

"म्हंजी मेंढक्यांची सोसायटी, मेंढक्यांचं गोदाम, आन मेंढरांला पेंढी न्हाई."

"आपल्याला दोन बैल हाएत की," सटवा म्हणाला. "त्यांच्या बरगड्या मोजून घे, मंग बोल. ते बसले तर दसऱ्याला गाडी कोन वढणार?"

हे मात्र त्याचं स्वतःचं होतं, आणि खरंही होतं. मग साखराबाईने तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "त्याच गाडीवर आपली छबू गेली."

छबू त्यांची एकुलती एक. रतन आणि छबू एकाच महिन्यात जन्मलेल्या. रतनच्या बापाने पोरीला आजीपाशी ठेवून शाळेत घातलं. छबूला मात्र सहाव्या वर्षी सटवाने गाडीवर चढवलं, कारण उसाचा मुकादम म्हणाला, पोरगी बैलांपुरतं उसाचं वाढं गोळा करील, आणि सटवा म्हणाला, बरं. चौदाव्या वर्षी तिचं लग्न होऊन तिचाही एक कोयता झाला. आता तिचं पोर चार वर्षांचं होतं आणि तेही गाडीवर. साखराबाई हे बोलून दाखवत नसे. आज बोलली, आणि त्यानंतर तीन दिवस नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही.

म्हाळू अंगणात घोंगडीवर पडून होता. तो महिनाभर रतनशी बोलत नव्हता, देवाच्या चालीत खड्ड्याचं माप बसवलं म्हणून. त्यामुळे सटवाला वाटत होतं, बाप तरी आपल्या बाजूचा. तो जवळ जाऊन बसला आणि साहेबावरच्या ओवीचं सांगितलं.

म्हाळू उठून बसला. "माणसावर ओवी?"

"मोठा साहेब हाय, आबा."

"बिरोबापेक्षा मोठा हाय का बे?"

"मामा," साखराबाई आतून म्हणाली, "माप म्हणलं तरी तुमाला राग, साहेब म्हणला तरी राग."

"दोन्हीचा राग हाय. मी काय एकाला झुकतं माप देतो का?" म्हाळूने घसा खाकरला आणि तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "माजा आवाज बसलाय. ढोल वाजवीन. तोंड उघडणार न्हाई."

घोडं तिथे अडलं. म्हाळू नाही तर ओळ टाकणार कोण? सटवाला स्वतःची एक ओळ सुचत नसे. बाकीचे तीन झीलकरी त्याच्याहून कच्चे. सुंदररावांना काय तोंड दाखवावं, या काळजीने तो गुडघ्यात मान घालून बसला.

"मी म्हणते," रतन म्हणाली.

सगळ्यांनी म्हाळूकडे पाहिलं. ढोलावर बाईने ओवी म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. म्हाळूने बराच वेळ दाढी खाजवली.

"बायांनी ढोलावर म्हणू न्हाई, ह्ये देवानं सांगितलं का माज्या बापानं, मला सांगता यायचं न्हाई," तो शेवटी म्हणाला, रतनकडे न बघता, चुलीकडे बघत. "पन साहेबाची वटवट ही काय ओवी न्हाई. जी ओवीच न्हाई ती कुनी बी म्हणा."

सटवाच्या जिवात जीव आला. तरी त्याने पुतणीकडून कबुली घेतली. "साहेबांचं कौतुकच म्हणायचं, रतन. दुसरं काय न्हाई."

"साहेबांचं म्हणते, नाना. सोसायटीचं बी कौतुक म्हणते. तुमचं सुदीक म्हणते."

"माजं?" सटवा लाजला. "माजं कशाला. पन म्हण, म्हणायचं तर."

शनिवारी दुपारी सोसायटीच्या आवारात लिंबाखाली मांडव घातला होता. सभेला एरवी सात माणसं जमत आणि राधाकिशन बाकीच्यांची हजेरी घरी बसून लिहीत असे. आज साहेब येणार, आणि मागून मटणाचं जेवण, म्हणून सगळे सभासद आले होते. बायकाही आल्या होत्या, तलावाच्या कामावरून, तशाच मातीच्या हातांनी. सोसायटी काढताना सभासद कमी पडत होते तेव्हा सुंदररावांनी अकरा घरच्या बायकांची नावं यादीत घातली होती. त्यांना सभेला बोलवायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आजही त्यांना बोलावलेलं नव्हतंच, मटणाचा वास सुटला म्हणून त्या आल्या, असं राधाकिशन नंतर सांगत असे.

फाटकापाशी सुंदररावांच्या दोन मेंढ्या झेंडूच्या माळा घालून उभ्या केल्या होत्या. साहेब येईपर्यंत त्यांनी एकमेकींच्या माळा खाऊन टाकल्या.

साहेब चष्म्यातला, बारीक, घामेजलेला माणूस होता. सुंदररावांनी भाषण केलं, साहेब पाणी प्यायले, आणि ढोल वाजला. म्हाळूने तोंड घट्ट मिटून असा ढोल घुमवला की मागे बसलेली पोरं आपोआप डोलायला लागली. रतन पुढे उभी राहिली. बायकांत कुजबुज झाली, पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. सटवाने कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

*बीडवरून साहेब आलं, वाट तुडवीत धुळीची*
*आस लागली वस्तीला ह्या साहेबाच्या बोलीची*

"बोलीचीऽऽ," झील उठली. साहेबांनी चष्मा पुसला. सुंदरराव खूश.

*सहा वर्सं झाली तेला, पाया खणला गोदामाचा*
*सुंदररावानं शब्द दिला, शब्द मोठ्या मानाचा*
*अर्धी जागा लोकरीला, अर्धी जागा लेकरांला*
*शब्द ऐकून मेंढक्यांनी दगड वाहिलं पायाला*

हे खरं होतं. पाया खणताना सुंदरराव भाषणाच्या भरात तसं बोलले होते, आणि ऐकणारी माणसं इथेच बसली होती. चेअरमनच्या कपाळावर एक आठी आली. सटवाचे डोळे मिटलेले होते. सूर छान लागला होता, पोरीचा गळा आबाच्या वळणाचा आहे एवढंच त्याला जाणवत होतं.

*लोकर गेली मेंढ्यांसंगं, मेंढ्या गेल्या भीमंकाठी*
*उरली सारी जागा आता लेकरांच्या शाळंसाठी*
*कोयता जाईल उसाला अन् लेकरू राहील घराला*
*सटवा म्हणतो, चारा ठिवा चेअरमनच्या गोठ्याला*

कडव्याची शेवटची ओळ. रिवाजाप्रमाणे अख्खी तीनदा. पहिल्यांदा चौघांनी उचलली. दुसऱ्यांदा तिघांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते गप झाले. सटवा चढ्या सुरात एकटाच म्हणत राहिला. तिसऱ्यांदा त्याने मान मागे टाकून, पोटातून, मांडवाचं कापड हलेल असा आवाज लावला, सटवा म्हणतोऽऽ चारा ठिवाऽऽ चेअरमनच्या गोठ्यालाऽऽ. आणि गोठ्याला येईपर्यंत त्याला कळलं की सटवा म्हणजे आपण.

त्याने डोळे उघडले. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि पोरंसोरं, बाया, पुरुष सगळेच हसायला लागले. म्हैस सुटली तेव्हा हसले होते तसेच.

साहेब टाळ्या वाजवत होते. "फार छान. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं इथं राहणार? मला हे कुणी सांगितलंच नाही. चाऱ्याला काय, कुठलंही पक्कं छप्पर आणि गाडी जाईल असा रस्ता पुरे. गोठा चालेल. हे सटवा कोण?"

सुंदररावांनी कपाळावरची आठी केव्हाच पुसून टाकली होती. माणूस मुरलेला. ते हसतच उठले. "साहेब, आमची माणसं लई विनोदी. गाण्यातली गंमत आहे ती. गोदाम डेपोला द्यायचा ठराव लिहून तयार आहे. सूचक मी, अनुमोदक हेच आपले सटवाजी. सटवाजी, सांगा साहेबांना, गाणं होतं म्हणून."

सुटका इतकी सोपी होती. एक शब्द, आणि तोही सटवाच्या रोजच्या वापरातला.

सटवा उभा होताच. पहिल्यांदा त्याला रतनचा राग आला. पोरीने न विचारता आपलं नाव ओवीत घातलं, भरल्या सभेत आपला पोपट केला. मग त्याला बैल दिसले, दावणीला मान टाकून उभे. त्याने रतनकडे पाहिलं. वाटलं होतं ती नजर चुकवील किंवा हात जोडील, पण ती नुसती त्याच्याकडे बघत होती, एकोणीस वर्षांची, सरळ मानेची, कोपराला शाई लागलेली. या वयाची आपलीही एक पोरगी आहे आणि तिला आपलं नाव लिहिता येत नाही, हे सटवाला माहीत होतं. पण दोघी शेजारी उभ्या केल्यासारखं ते आज पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात आलं. उसाच्या मुकादमाला आपण बरं म्हणालो तेव्हा आपल्याला कुणी मारत नव्हतं की कोंडलं नव्हतं. नुसती सवय होती.

"गाणं न्हाई," तो म्हणाला. आवाज चिरकला, गाताना कधी चिरकत नसे. "म्हंजी गाणं हुतं. पन माजा ठराव हाय. गोदाम लेकरांला द्या. चाऱ्याचं... चाऱ्याचं गाण्यात म्हणलं तसं."

पुन्हा कुणीतरी हसलं, पण पहिल्यासारखं नाही.

सुंदरराव शांत राहिले. "हरकत नाही. सभासदाला हक्क आहे. राधाकिशन, लिहा. सूचक सटवा." त्यांनी मांडवावरून सावकाश नजर फिरवली. "अनुमोदक कोण?"

चाळीस पुरुष बसले होते आणि चाळीसांच्या दावणीला जनावरं होती. चाऱ्याची यादी कुणाच्या खिशात आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोक मूग गिळून बसले. कुणी पागोटं सारखं करायला लागलं, कुणी मेंढ्यांकडे बघायला लागलं. म्हाळूचा हात ढोलावर गेला, पण सोसायटीत ढोलाला मत नव्हतं, आणि म्हाळू सभासद नव्हता. मेंढ्या मोजून घेणाऱ्या सोसायटीत मी जात नाही म्हणून त्याने नावच घातलं नव्हतं. रतनही सभासद नव्हती.

सटवाला घाम फुटला. सहा वर्षं त्याने दुसऱ्याच्या ठरावामागे मान डोलावली होती आणि ते काम त्याला फुकटचं वाटलं होतं. मागून कुणी उचललं नाही तर पुढे उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, हे त्याला आज कळत होतं. बाप जन्मभर असा पुढे उभा राहिला, आणि त्याला एकदाही ही भीती वाटली नाही, कारण मागे आपण होतो, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"घ्या मंग," सुंदरराव म्हणाले, "अनुमोदक नसेल तर ठराव..."

"माजं अनुमोदन लिवा."

बायकांच्या बाजूला साखराबाई उभी होती. डोक्यावर पदर, पदरावर तलावाची माती, आणि नजर नवऱ्याकडे नाही, राधाकिशनच्या वहीकडे.

"ह्या बाई सभासद आहेत का?" सुंदररावांनी विचारलं.

राधाकिशनने यादी उघडली. त्याला ती साहेबांसमोर उघडावीच लागली. "सभासद क्रमांक सत्तेचाळीस. साखराबाई सटवा." आणि सवयीने पुढचंही बोलून गेला, "आपणच नाव घातलं होतं, चेअरमन साहेब."

साहेबांनी हात वर करायला सांगितले. आधी बायकांचे वर झाले, दहाच्या दहा, साखराबाईचा धरून अकरा. मग त्या दहाजणींनी मांडवाच्या पलीकडे आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. त्या बघण्याचं वर्णन करायची गरज नाही, लग्न झालेल्या माणसाला ते माहीत असतं. एकेक करून पुरुषांचे हात वर गेले. सगळे नाहीत, पण पुरेसे.

सुंदररावांनी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या. सोसायटी म्हणजे लोकशाही, असं त्यांनी साहेबांना सांगितलं, आणि जेवायच्या पंगतीत तर ही कल्पना मुळात त्यांचीच असल्यासारखं बोलू लागले. हात धुताना मात्र ते सटवाच्या शेजारी आले.

"मेंढ्या राहू दे तुझ्याकडं," ते हळू म्हणाले. "बैलांचं बघू पुढं."

ते पुढं म्हणजे कधी, हे सटवाला समजलं. त्याने मान डोलावली नाही. हात मात्र दोनदा धुतले.

परत निघाले तेव्हा म्हाळू ढोल पाठीला मारून पुढे चालत होता, त्याच्या मागे रतन. बराच रस्ता सरल्यावर म्हातारा मागे न बघता म्हणाला, "दगड वाहिलं पायाला, ती ओळ लंगडी हुती."

महिनाभरात तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"दुरुस्त करते, आबा," रतन म्हणाली.

"माज्यापाशी बस. अशी दुरुस्त हुत न्हाई ती."

सटवा आणि साखराबाई मागे राहिली होती. तीन दिवसांचा अबोला सभेत मोडला तो मोडलाच का, हे त्याला नक्की कळत नव्हतं. त्याने भीत भीत विचारलं, "तू कावून उभी राह्यलीस?"

"तुमी एकटेच उभे हुता. बघवंना."

"आता बैलांचं अवघड हाय."

"हाय." ती थोडं चालली. "छबूच्या सासरी कड्याला सांगावा धाडा कुनाजवळ तरी. गोदामाचं असं असं झालं म्हणावं."

सटवा थांबला. रस्ता तिथे फुटत होता, एक वस्तीकडे, एक एसटीच्या थांब्याकडे. अंगात सभेचा धुतलेला सदरा होता, डोक्याला नवं पागोटं, आणि कड्याची गाडी चार वाजता होती. सांगावा कुणाजवळ धाडायचा याचा त्याने क्षणभर विचार केला आणि मग बायकोला काही न सांगता थांब्याच्या वाटेला लागला. साखराबाईने पदर सारखा केला आणि ती घराकडे वळली.

छबूच्या सासरी पोचला तेव्हा ऊन कललं होतं. जावई कामावर होता. छबू दारात गोवऱ्या रचत होती, तिचं पोर शेजारी मातीत बसलेलं. बाप असा अवचित, पागोटं बांधून आलेला पाहून ती घाबरली.

"दादा? कावून आलात? आई बरी हाय न्हवं?"

एसटीत सटवाने पुष्कळ जुळवलं होतं. गोदाम, ठराव, सूचक, साहेब काय म्हणाले. त्यातलं एक आठवेना. तो पोरापुढे उकिडवा बसला, त्याच्या गालाची माती पुसली, आणि पोरीकडे न बघता म्हणाला, "तुला गाडीवर चढवली ती माजी चूक हुती, छबे. ह्याला साळंला न्यायला आलोय."

छबूच्या हातातली गोवरी हातातच राहिली. मग गोवरी ढिगावर नीट ठेवली, हात लुगड्याला पुसले, आणि आत जाऊन पोराचा दुसरा सदरा शोधायला लागली.